उपाशी पट्टी

८ मार्च, रविवार, सकाळी सात. जागा: ईट शिवार, आमचं माळाकडचं रान. हजर: मी; माझी धाकटी जाऊ सुमन; सासरे आप्पा, वय ब्याऐंशी, बाजेवर; किराणा दुकानातून मागून आणलेला वजनकाटा; ज्वारीची सात पोती, प्रत्येकाच्या तोंडाला नंबराची चिठ्ठी; एक काळा पडलेला लोखंडी ड्रम; तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, अठरा पेंढ्या. गैरहजर: बाई.

आजची कामं चार. ड्रम पेटवणे. सात पोती मोजणे. आकडे वहीत चढवणे. सातव्या पट्टीला पोटभर घालणे. चौथं काम सुमनचं आहे. त्याची ती तीन वर्षं वाट बघते आहे.

हजेरी घेण्याची सवय मला शाळेत लागली. इथून जवळच्या वाशीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं लिपिक आहे. बाई तिथंच विज्ञान शिकवायच्या. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. हयातीत त्यांनी ते कुठल्या फलकावर लिहू दिलं नाही, निरोप समारंभाच्या पत्रिकेवरूनसुद्धा काढायला लावलं. आता मी कशाला लिहू? मलाही त्या माझ्या नावानं हाक मारत नसत. 'हजेरीबाई' म्हणायच्या. पाचवीच्या पोरांना 'अहो-जाहो' करायच्या आणि मुख्याध्यापकांनाही तेवढंच, त्याहून जास्त नाही. मुख्याध्यापकांना ते खुपायचं.

सुती पातळावर त्या पुरुषी शर्ट घालत. रानात काम करणाऱ्या बायका घालतात तसा, पण शाळेतही. पहिल्या दिवशी कुणीतरी हटकलं तर म्हणाल्या, "पातळाला खिसा नसतो. शिक्षकाला खिसा पाहिजे." त्या खिशांची यादी मी एकदा करून ठेवली होती: काडेपेटी, भिंग, लोहचुंबक, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, बडीशेप, सुतळी, आणि तुराटीचे बोटभर तुकडे. शेवटच्या वस्तूचा अर्थ मला पुष्कळ दिवस लागला नव्हता.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या शाळेला पाठ होता. कुणी काहीही सांगितलं, की त्या विचारायच्या, "पाहिलंत का ऐकलंत?" शिपाई सांगायचा, बाई, येरमाळ्याकडं लई पाऊस झाला. पाहिलंत का ऐकलंत? ऐकलं. मग त्या मान हलवून पुढं जायच्या, पाऊस पडलाच नसल्यासारख्या. 'मला माहीत आहे' हे वाक्य त्यांच्यासमोर कुणी उच्चारायचं धाडस करत नसे. माहीत असणं ही गोष्टच त्यांच्या हिशेबी नव्हती. एक पाहिलेलं, एक ऐकलेलं. मधे काही नाही.

दरवर्षी नववीच्या वर्गात त्या एक प्रयोग करत. पुस्तकात तो होता की नाही कोण जाणे. काचेच्या परीक्षानळीत तुराटीचे तुकडे भरायचे, तोंडाला बूच, बुचातून एक बारीक नळी. खालून दिवा. थोड्या वेळानं नळीच्या टोकातून धूर यायला लागायचा, आधी पांढरा, मग पिवळट. बाई काडी ओढून त्या धुराला लावायच्या आणि धूर पेटायचा. वर्ग 'हो' करून ओरडायचा. कार्यालयात बसून मला कळायचं, आज नळीचा तास आहे.

"लाकूड जळतं म्हणता तुम्ही," बाई सांगायच्या. "पाहिलंत का? जळतो तो धूर. लाकडाला आग द्या, हवा देऊ नका. मग ते जळत नाही, मोकळं होतं. तीन गोष्टी देतं. पेटणारा वायू, हे काळं पाणी, आणि हा कोळसा. तुम्ही बांधावर तुराट्या पेटवता तेव्हा तिन्ही घालवता आणि हातात चिमूटभर राख ठेवता."

मग त्या नळी फोडून कोळसा बाहेर काढायच्या. तुराटीचा आकार तसाच, नुसता काळा आणि हलका. प्रत्येक पोराच्या तळहातावर एक तुकडा. हात धुवायचा नाही, घरी दाखवायचा.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात किंवा मुलाकडं पुण्याला जातात. बाईंना मूल नव्हतं आणि गळा नव्हता. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्या कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"हजेरीबाई, तुमच्याकडं मुरमाड रान आहे म्हणे."

"ऐकलंत का पाहिलंत?" मी म्हटलं. इतक्या वर्षांत एवढीच एक संधी मी साधली.

"पाहिलं. परवा जाऊन आले. मला त्यातल्या सहा पट्ट्या द्या. पीक तुमचं, माप माझं."

अशा त्या आमच्या घरात आल्या. दर रविवारी सकाळच्या एसटीनं वाशीहून ईटला यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं परत. सोबत डबा. आमच्या घरचं जेवण घ्यायच्या नाहीत. भाकरी मात्र मागून घ्यायच्या, तीही करपलेली. सुमनच्या हातची भाकरी उजेडाकडं धरून तिच्यावरचे काळे डाग बघायच्या. "हे बघा, इथं हवा गेली नाही. छान झालंय." सुमनला आधी राग यायचा. नंतर ती रविवारी एक भाकरी मुद्दाम करपवू लागली.

ड्रम त्यांनीच बनवून आणला. खाली भोकं, वर शंकूसारखं झाकण, झाकणाला धुराडं. तुराट्या उभ्या ठासून भरायच्या आणि वरून पेटवायच्या. आग वरून खाली सरकत जाते, वरचा जाळ खालच्या धुराला खात राहतो. धुराड्याच्या तोंडाला ज्योत लागली, की बाई तिच्यावर लोखंडी जाळी ठेवून चहाचं पातेलं चढवायच्या. आलेल्या माणसानं आधी तो चहा प्यायचा, मग बोलायचं. त्याला थोडा धुराचा वास यायचा. आप्पा तो चहा पिताना तोंड वाकडं करायचे आणि दुसरा कप मागायचे.

"बाई, रानात राख घालणारे बगितले, शेण घालणारे बगितले. कोळसा घालणारी बाई जल्मात पहिली बगतोय."

"मग पाहून घ्या, आप्पा. फुकट आहे."

सगळी गंमत शेवटच्या क्षणाची होती. धूर निवळून ज्योत निळसर व्हायला लागली, वरच्या काड्यांवर पांढरी कड दिसली, की बाई सगळ्यांना गप्प करायच्या आणि कानडीत मोजायला लागायच्या. त्या मूळच्या उमरग्याकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आकडा कुठवर जायचा ते दर वेळी वेगळं. मग एकदम "माती!" म्हणून ओरडायच्या आणि आम्ही खालची भोकं चिखलानं लिंपायचो, वर झाकण दाबायचो. लवकर बंद केलं तर आत लाकूड राहतं, उशीर झाला तर राख होते. मी वहीत लिहून घेतलं होतं: कानडीत चाळीसपर्यंत, वारा असेल तर तीसपर्यंत. बाईंना दाखवलं तर हसल्या. "मी आकडे मोजत नाही हो. मी रंग बघते. आकडे तुम्ही सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून."

कोळसा तसाच रानात टाकायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. कोरडा कोळसा अंगात सगळं ओढून घेतो. तसाच टाकला तर पिकाच्या तोंडचं खाईल. आधी शेणकाल्यात आणि गोमूत्रात महिनाभर मुरवायचा, मग पोत्यात भरायचा, मग पेरणीआधी पसरायचा. मुरलेली पोती गोठ्याच्या मागच्या पडवीत, मोजणीची जबाबदारी माझी.

एकदा तेरखेड्याचे एक फटाकेवाले आले. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. चहा प्यायल्यावर त्यांनी ड्रममधला एक तुकडा चिमटीत चुरडला, तळहातावर फुंकर मारली आणि त्यांचे डोळे लकाकले.

"बाई, तुराटीचा असा कोळसा लई शोधून बी घावत न्हाय. हाय तेवढा सगळा घेतो."

"काय करणार त्याचं?"

"मसाल्यात घालनार. आभाळात जाऊन फुलंल तुमचा कोळसा. सगळा जिल्हा मान वर करून बघंल."

"मी आभाळातला कार्बन खाली आणायला बसलेय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तो परत वर पाठवताय. नाही जमायचं. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात."

बाई लिंगायत. त्यांच्यात मयताला अग्नी देत नाहीत, हे फटाकेवाल्यांना माहीत असावं.

"मानसाला पुरत्यात, बाई. कोळशाला बी?"

"कोळशालाही."

ते गृहस्थ भले होते. कोळसा मिळणार नाही हे कळल्यावरही बसले, दुसरा चहा घेतला आणि जाताना सुमनला सांगून गेले, "कोरडा कुटू नगा, ताई. पान्याचा हात लावून कुटा. कोरडा छातीत बी बसतो आन् पेट बी घेतो." तेव्हापासून आम्ही तसंच करतो.

लग्नात, बारशात, जावळात बाई आधी जेवणाकडं नाही, चुलाणाकडं जायच्या. माझ्या भाचीच्या लग्नात त्या आचाऱ्याला म्हणाल्या, "तुमचं निम्मं लाकूड वर चाललंय." आचारी म्हणाला, "मावशी, पंगत बसलीय, निम्मं तर निम्मं." अर्ध्या तासानं मी बघितलं, तर बाई पदर खोचून लाकडं रचत होत्या आणि आचारी बाजूला उभा राहून चुलाण बघत होता. लग्न लागलं तेव्हा अक्षता टाकायला त्या आल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "भात लागला असता."

आता सहा पट्ट्यांबद्दल. पट्ट्या एकाच मापाच्या, शेजारी शेजारी, पीक एकच, रब्बी ज्वारी. पाच पट्ट्यांत कोळसा, कमी-जास्त मापानं. सहाव्या पट्टीत काही नाही. तिला बाई 'कोरी पट्टी' म्हणायच्या आणि तिच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता. एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा तिच्याकडं जायच्या.

"पाच पट्ट्या माझं कौतुक करतील," त्या म्हणायच्या. "खरं बोलली तर ही बोलेल."

पहिल्या वर्षी पाचही पट्ट्यांची ज्वारी कोऱ्या पट्टीपेक्षा जास्त भरली. बाईंनी आकडे लिहिले आणि त्याखाली फक्त 'एक वर्ष' एवढंच लिहिलं. दुसऱ्या वर्षी फरक कमी झाला. तिसऱ्या वर्षी राहिलाच नाही. सहा पोती काट्यावर चढली आणि सहाही सारखी उतरली. बाईंनी दोनदा मोजायला लावली. मग काटा बदलून तिसऱ्यांदा. मग वही घेतली आणि निळ्या टोकानं लिहिलं: फरक नाही.

आप्पा म्हणाले, "अवो बाई, पाऊस बरा झाला औंदा, म्हनून सगळंच बरं आलं."

"असेल. पण मी तीन वर्षं म्हटलं होतं, तीन झाली." त्यांनी वही मिटली. "हजेरीबाई, पुढच्या रविवारी वेल्डरला बोलवा. ड्रम आडवा कापून टाकू. तुमच्या म्हशीला पाण्याला होईल."

त्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली नाही. एसटीच्या फाट्यापर्यंत मी सोबत गेले. वाटेत म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी पोरांच्या हातावर कोळसा ठेवला. म्हटलं होतं, घरी दाखवा. काय दाखवलं असेल त्यांनी?"

काम बंद करायचं तर नीट बंद करायचं, हा माझा शिरस्ता. आठवड्यात मी पडवीतला माल मोजायला घेतला. तीन वर्षांत मुरवलेली पोती, पसरलेली पोती, वजा जाता राहायला हवी होती ती. राहायला हवी होती नऊ. पडवीत एकही नव्हतं. पुन्हा मोजलं. माझ्या वहीत चूक नव्हती. मला आधी वाटलं, चोरी. मग वाटलं, मुरवलेला काळा चिखल कोण चोरील?

संध्याकाळी सुमन भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यात उभी राहून विचारलं, "सुमन, पडवीतली नऊ पोती कुठं गेली गं?"

तिचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली, "सहावीला घातली."

"काय?"

"म्या घातली, आक्का. पयल्या वर्सी घातली न्हाय. पन पयल्या वर्सी तिची कनसं बगितली का तुमी? बोटायेवढी. तुमी वाशीला जाता. म्या रोज तितं असते. पाच लेकरांच्या ताटात वाढायचं आन् सहाव्याला नुसतं बगत बसवायचं? मला न्हाय बघवलं. दुसऱ्या वर्सी जरा घातलं, तिसऱ्या वर्सी सगळ्यांइतकं." भाकरी उलटून ती माझ्याकडं वळली. "बाईनला सांगू नगा."

वाटण्या झाल्या असल्या तरी आमची चूल एक आहे आणि रान खऱ्या अर्थानं सुमनच बघते. तिनं कधी कुणाचं वाईट केलेलं नाही. मी रात्रभर विचार केला असं लिहिणं शोभलं असतं, पण खरं सांगायचं तर मी लगेच ठरवलं. वहीत 'फरक नाही' असं लिहिलेलं होतं आणि ते खरं नव्हतं.

रविवारी वेल्डर बाईंच्या आधी आला. त्याला चहा देऊन बसवलं. बाई आल्या, सवयीनं सहाव्या पट्टीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी सुमनला पुढं केलं. तिनं चुलीपुढं सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं, फक्त पाणावलेल्या डोळ्यांनी.

बाईंनी खिशातून पेन्सिल काढली.

"किती पाट्या घातल्या?"

"मोजल्या न्हाईत."

"हजेरीबाई, पोती किती?"

"नऊ."

"कुठल्या महिन्यात?"

"भादव्यात. दोनी वर्सी, समद्यांसंगच."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग त्या पट्टीकडं बघत पुटपुटायला लागल्या. ओंदु, एरडु, मूरु. वेल्डर माझ्याकडं बघायला लागला. त्यांनी कुठवर मोजलं कोण जाणे, पण थांबल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी नववीच्या वर्गाबाहेरून बघायची तोच भाव होता, धुराला काडी लावल्यानंतरचा.

"म्हणजे लागू पडतंय," त्या म्हणाल्या.

वेल्डरला त्यांनी परत पाठवलं. मग वही उघडून तीनही वर्षांच्या पानांवर लाल टोकानं एकेक आडवी रेघ मारली. मी म्हटलं, "बाई, पहिलं वर्ष तर खरं होतं."

"एक वर्ष म्हणजे ऐकीव." मग त्या सुमनकडं वळल्या. "तुमचं बरोबर होतं. कुणालाही उपाशी ठेवू नये. पण मग मला सांगा, जेवण अंगी लागतंय की नाही, हे मी कशावरून ओळखू?"

सुमननं पदरानं नाक पुसलं. "मग आता काढून टाकू का त्यातलं?"

"निघत नाही. शेण सडून जातं, हा नाही जायचा. आपल्या नातवंडांची नातवंडं नांगरतील तेव्हाही तिथंच असेल. ही पट्टी आता जेवलेली. मला दुसरी पाहिजे. तशीच, लागून, आणि कधी काही न घातलेली."

सहावीला लागून बांध होता आणि बांधापलीकडं सुमनच्या वाट्याचं रान. तिथं तिनं स्वतःसाठी भाजीपाला करायचं योजलं होतं. आम्ही तिघीही तिकडं बघत होतो. बाईंनी मागितलं नाही.

"माजी घ्या," सुमन म्हणाली.

"तीन वर्षं उपाशी ठेवावी लागेल."

"ठेवते."

"राखण कोण करणार?"

"म्याच."

"मग माझाही शब्द. तिसऱ्या वर्षाचं माप झालं, की तिला पोटभर घाला. मी अडवणार नाही."

अशी सातवी पट्टी झाली आणि एकसष्टाव्या वर्षी बाईंनी वहीत पुन्हा 'वर्ष पहिले' लिहिलं.

सुमननं राखण केली ती अशी: आप्पांची शेळी त्या बाजूला फिरकू दिली नाही, लेंड्या पडतील म्हणून. एकदा पडल्या तर वाकून एकेक वेचून आणल्या. आप्पा बाजेवरून ओरडले, "सुने, शेळीच्या लेंड्या मोजायची नौकरी कवा लागली तुला?" "तुमी गप बसा, मामा. सातवीत पडल्या हुत्या." रानात जाताना ती लांबचा फेरा घ्यायची, सातवीच्या कडेनं जायचं टाळायची. ज्वारी पिवळी पडली की जेवताना बोलायची नाही.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा रानातला सण, आमच्या ईटकडं फारशी नाही, बाईंच्या उमरग्याकडं मोठी. त्या दिवशी त्या आंबिलीचं मडकं घेऊन यायच्या आणि उभ्या ज्वारीवर आंबील शिंपडायच्या. नव्या पहिल्या वर्षी सुमननं मडकं हातात घेतलं आणि सहावीच्या बांधावर थबकली.

"बाई, सातवीला शिंपडायचं का?"

बाई विचारात पडल्या. इतका वेळ त्यांना मी कुठल्याच प्रश्नावर विचार करताना बघितलं नव्हतं.

"शिंपडा," त्या म्हणाल्या. "सातही पट्ट्यांना सारखं. सारखं दिलं की माप बिघडत नाही."

सुमननं मोजून शिंपडलं. प्रत्येक पट्टीला सात ओंजळी. सातवीची सातवी ओंजळ थोडी मोठी होती का? मी पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी, याच दिवाळीनंतर, बाई गेल्या. उमरग्याकडं भावाच्या गावी, चार दिवसांच्या तापात. आम्ही दोघी पहिल्या एसटीनं गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. सगळ्यांनी मूठमूठ टाकली. सुमनच्या मुठीतली काळी होती.

भावानं त्यांची वही माझ्याकडं दिली. ज्वारी तेव्हा वीतभर आली होती.

तर आज. ड्रम मी पेटवला, चहा सुमननं केला. निळी ज्योत आल्यावर मी मोजायला लागले, ओंदु, एरडु, आणि नाल्कुच्या पुढं मला येत नाही हे लक्षात आलं. मग रंग बघितला. सुमननं चिखल लावला. आप्पांनी दुसरा कप मागितला.

मग पोती. एक ते सहा काट्याला जवळपास सारखी. सहावं, सुमननं चोरून जेवू घातलेलं, पाचव्याच्या बरोबरीनं. सातवं चढवलं आणि काटा बराच आधी थांबला. आप्पा बाजेवरून उठून आले. दोनदा मोजलं, मग पोत्यांची जागा बदलून तिसऱ्यांदा. काटा पुन्हा तिथंच थांबला.

"फरक हाय," सुमन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बगितला."

मी आकडे बाईंच्या वहीत चढवले. तीन कामं झाली, तीन खुणा केल्या. सुमननं सकाळीच मुरलेल्या कोळशाच्या पाट्या भरून बांधावर मांडून ठेवल्या होत्या, अकरा. तिनं पहिली उचलून कमरेवर घेतली.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"बगू."

ती पाटी घेऊनच वाकली. वही वाऱ्यानं उलटली आणि पुढचं पान वर आलं. ते मीही आधी बघितलं नव्हतं. वर निळ्या अक्षरात 'वर्ष चौथे', खाली पट्टीनं आखलेल्या सात चौकटी, प्रत्येकीत नंबर. बाईंचंच अक्षर. सातव्या चौकटीत नंबराखाली त्यांनी 'कोरी' असं लिहिलेलं होतं आणि मग तो शब्द लाल टोकानं खोडला होता.

सुमननं त्या खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं.

"कवा आखलं हे?"

"दिवाळीच्या आधी असेल."

"मला तर म्हनल्या हुत्या, घाला, अडवनार न्हाय."

"म्हणाल्या होत्या. म्हणून तर खोडलंय."

"पन आदी लिवलं हुतं."

पाटी कमरेवरून खाली न ठेवता ती सातव्या पट्टीच्या कडेपर्यंत गेली. धसकटं उभी होती, बोटाएवढी बारीक. तिथं ती उभी राहिली. आप्पा काहीतरी म्हणायला लागले, मी त्यांना हातानं थांबवलं.

परत येऊन तिनं पाटी इतर दहांच्या रांगेत ठेवली आणि वरून गोणपाट टाकलं.

"ऱ्हाऊ द्या आनखी एक वरीस," ती म्हणाली. "शेळी बांधा म्हनावं मामांना."

आजची कामं चार. झालेली तीन. सातव्या पट्टीला पोटभर घालणे: बाकी.